बाहेरची डिस्क आत गेली, त्याची गोष्ट

(केंद्राच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखापाल ताईंनी कॉम्प्युटरच्या खर्चाच्या विषयावर केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांसाठी इथे देत आहोत.)



विषयपत्रिकेवर सहावा विषय आहे, ‘कार्यालयासाठी बाहेरची हार्ड डिस्क खरेदी करणे’. खर्च पाचसहा हजारांचा. मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतनं एका ताईंनी विचारलं, “आधी एक घेतली होती की. ती कुठं गेली?” सगळ्या हसल्या, मीही हसले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. पण त्या ताईंचा प्रश्न रास्त होता. पैसा तुमच्या सगळ्यांचा आहे. म्हणून आज नीट उत्तर देते.

ती डिस्क हरवली नाही. कुणी नेलीही नाही. ती आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात आहे, आणि ती तिथं मीच बसवून घेतली. त्या वेळी ते बरोबरही होतं. पण त्याच्यानंतर माझ्याकडनं एक चूक झाली, ती आज तुमच्यासमोर सांगायची आहे.

2019 चा ऑगस्ट कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला आलं की इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे. त्या साली ते 55 फुटांच्या वर गेलं. आपल्या कितीतरी गटांची रोजकीर्द, खतावणी, इतिवृत्ताच्या वह्या भिजून लगदा झाल्या. बॉलपेनची शाई पसरून निळं पाणी झालं होतं. त्यानंतर चार महिने आपण काय केलं ते आठवा. एकेकीचं पासबुक मागवून, कुणी किती कर्ज घेतलं, किती हप्ते फेडले, हे तोंडी विचारून वह्या नव्यानं लिहिल्या. “तुझे बाराशे राहिलेत,” “नाही वहिनी, आठशेच,” यावरनं चांगल्या चाललेल्या गटांत बोलाचाली झाल्या. बँकेत कर्जाला गेलं की साहेब पहिल्यांदा वह्या मागतात. वही नाही म्हणजे गटाची पत नाही.

तेव्हा आपण ठरवलं की सगळ्या गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचे, आणि त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. दोन टीबीची डिस्क घेतली. मोठी होती, ज्वारीच्या भाकरीच्या डब्यात कशीबशी बसायची. तिला विजेचा वेगळा अडॅप्टर लागायचा. दर शनिवारी मी तिच्यावर प्रत काढायची आणि ती कपाटात ठेवायची.

मग 2021 चा जुलै आला. पाणी 56 फुटांच्या पुढं. आदल्या संध्याकाळी मी ऑफिसात गेले, वह्या वरच्या मजल्यावर टाकल्या, सीपीयूचा डबा उचलून कपाटावर ठेवला आणि डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भाकरीच्या डब्यात घालून माहेरी घेऊन गेले. पाणी कपाटाच्याही वर गेलं. सीपीयूत गाळ भरला. डिस्क मात्र माहेरी कोरडी राहिली.

पाणी उतरल्यावर सीपीयू घेऊन कोल्हापूरला दुरुस्तीवाल्याकडं गेले. मला वाटलं होतं, उन्हात वाळवून बघावं, चालेलही. तो म्हणाला, “ताई, वाळवून चालू केला नाही ना? तेवढं चांगलं केलंसा.” हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात, त्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात, आणि त्यांच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर एक बारीक काटा तरंगत असतो. साध्या डिस्कला हवेसाठी एक लहानसं भोक असतं. पुराचं पाणी त्यातनं आत जातं, मागं माती ठेवून जातं. तशी डिस्क चालू केली की काटा मातीवरनं घासत जातो आणि जे वाचलं असतं तेही जातं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप भिजला तर एवढं लक्षात ठेवा, चालू करून बघायचं नाही.

नवा कॉम्प्युटर घ्यायला तेव्हा पैसे नव्हते. सगळं पुरातनं सावरायचं होतं. एक जुना सीपीयू स्वस्तात मिळाला. त्यात विंडोज चालण्यापुरती लहान एसएसडी होती, पण हिशेब, फोटो, कर्जाचे अर्ज ठेवायला जागा नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, “नवी डिस्क कशाला घेताय? तुमची बाहेरची आहे की. तीच आत लावू.”

मला खरं वाटेना. मला वाटायचं की बाहेरची डिस्क म्हणजे वेगळीच वस्तू. त्यानं समजावून सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. बाहेरची डिस्क म्हणजे आतल्या डिस्कलाच घातलेला प्लास्टिकचा डबा. डब्यात डिस्क असते आणि तिला जोडलेली एक छोटी पट्टी असते. ही पट्टी दुभाष्याचं काम करते. डिस्कची भाषा साटा, आपल्या वायरची भाषा यूएसबी. पट्टी काढून टाकली आणि डिस्क थेट साटाच्या वायरीला जोडली की झाली ती आतली डिस्क. एक बारीक वायर माहितीची, एक रुंद वायर विजेची, बस्स.

आता ही युक्ती काय आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यानं शोधलेली नव्हे. तिचा एक किस्सा मी नंतर वाचला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तोही पुराचाच आहे. 2011 साली थायलंडमध्ये मोठा पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा फार मोठा हिस्सा त्या देशात तयार होत होता. अयुथया भागातला वेस्टर्न डिजिटल कंपनीचा कारखानाच पाण्याखाली गेला. आत लावायच्या डिस्कचे भाव एकदम चढले. अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची कंपनी आहे, तिचा धंदाच लोकांच्या माहितीची दुसरी प्रत सांभाळण्याचा. तिला रोज ढिगानं डिस्क लागायच्या. तिच्या लोकांच्या लक्षात आलं की दुकानात विकायला ठेवलेल्या बाहेरच्या डिस्क त्यापेक्षा स्वस्त मिळताहेत. मग कर्मचाऱ्यांनी आपले मित्र, घरचे, नातेवाईक कामाला लावले. दुकानदार एका गिऱ्हाइकाला दोनच द्यायचे, म्हणून ही मंडळी दुकानंच्या दुकानं फिरली. डबे फोडले, आतल्या डिस्क काढल्या आणि आपल्या यंत्रांत बसवल्या. थोडक्यात, रेशनच्या दुकानात आपण जे करतो तेच. पण त्यांच्याकडं माहिती अनेक डिस्कवर अशी वाटून ठेवलेली असायची की एखाददुसरी बिघडली तरी काही जायचं नाही. आपल्याकडं एकच होती. हा फरक मला तेव्हा सुचला नाही.

असो. दुरुस्तीवाल्याकडं काय झालं ते सांगते. त्यानं डिस्क लगेच फोडली नाही. आधी आहे तशी यूएसबीनं स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि सगळी माहिती तिकडं उतरवून घेतली. निळ्या पोर्टला लावली होती, म्हणून पाऊण तासात झालं. जुन्या काळ्या पोर्टला दोन तास तरी गेले असते. मग जुनं एटीएम कार्ड घेऊन डब्याच्या फटीत सारलं, कट कट करत कड्या सोडवल्या, पट्टी काढली, डिस्क सीपीयूत बसवली आणि चालू केली.

पडद्यावर आलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. हो की नाही?

माझ्या पोटात गोळाच आला. दीडदोन वर्षांचे हिशेब त्यात होते आणि कॉम्प्युटर म्हणतोय की डिस्क कोरी आहे. तो शांत होता. काही कंपन्यांच्या डब्यातली ती पट्टी नुसती दुभाषी नसते, ती माहिती कुलूप लावून लिहिते आणि किल्ली पट्टीतच असते. पट्टी काढली की माहिती जागेवर असते, पण वाचता येत नाही. काही डब्यांत कुलूप नसतं, पण पट्टीची मोजणीची रीत वेगळी असते, तरीही हेच होतं. म्हणून आधी दुसरीकडं प्रत, मग फोडाफोडी. आणि प्रत नसताना तो प्रश्न पडद्यावर आला तर ‘हो’ दाबायचं नाही. डिस्क काढून परत त्याच पट्टीला जोडायची, माहिती दिसते. आमच्याकडं प्रत होती, म्हणून त्यानं ‘हो’ दाबलं, डिस्क कोरी केली आणि माहिती परत भरली.

एक गोष्ट मी मात्र बरोबर केली. त्याच्या कॉम्प्युटरवर जी प्रत राहिली होती ती माझ्यासमोर पुसायला लावली. तुमच्या सगळ्यांचे आधार, पासबुकं, कर्जाचे कागद त्यात होते. माणूस चांगला होता, तो प्रश्न नव्हता. दुसऱ्याच्या दुकानात आपले कागद ठेवून घरी जायचं नाही, एवढंच.

डिस्क बसली. डी ड्राइव्ह म्हणून दिसायला लागली. यूएसबीची वायर हलून मध्येच तुटायची भीती गेली, अडॅप्टर गेला, वेगही वाढला. तीन वर्षं ती एका दिवसासाठी बंद पडली नाही. खर्च वाचला म्हणून मी सभेत सांगितलं, टाळ्याही मिळाल्या.

आता माझी चूक. शनिवारी प्रत काढायची सवय होती ती मी सोडली नाही. डेस्कटॉपवरचं सगळं काम डी ड्राइव्हवर उतरवायचं आणि वहीत लिहायचं, ‘बॅकअप घेतला’. वर्षाच्या अहवालात रकाना असतो, बॅकअप आहे का? मी लिहायची, ‘होय’. तीन वर्षं लिहिलं. मला मनापासून तसंच वाटत होतं, कारण डिस्क तीच होती. बॅकअपची डिस्क म्हणून जिला आपण विकत घेतलं, तीच.

2024 च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं. इशारा पातळी गेली, मग 43 ही ओलांडली. संध्याकाळी लाईट गेली. मी ऑफिसात आले, वह्या वर टाकल्या, कपाट उघडलं आणि हात सवयीनं डिस्कच्या कप्प्याकडं गेला. कप्पा रिकामा. भाकरीचा डबा माझ्या हातात होता, आणि त्यात ठेवायला काही नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन प्रती आहेत असं मी तीन वर्षं लिहीत होते, पण दोन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात होत्या. डबा बुडाला की दोन्ही बुडणार. वीज जोरात आली तर दोन्ही जळणार. कुणी सीपीयू उचलून नेला तर दोन्ही जाणार. सीपीयू उघडून डिस्क काढावी म्हटलं तर जवळ पेचकस नाही, अंधार, आणि कुठली वायर कुठली ते मला दिसत नव्हतं. शेवटी भाच्याला फोन केला. खताच्या रिकाम्या पोत्यात सीपीयू घातला, वर प्लास्टिक बांधलं आणि ॲक्टिव्हावर आमच्या दोघांच्या मध्ये धरून भर पावसात नेला. रस्त्यात खड्डा आला की मी त्याच्या पाठीवर थापट्या मारायची, हळू हळू. पाणी त्या वर्षी ऑफिसपर्यंत आलंच नाही. पण ती रात्र मी झोपले नाही.

पाच-सहा गावांतल्या गटांनी आता स्वतःचा लॅपटॉप किंवा जुना कॉम्प्युटर घेतला आहे, आणि जागा संपली म्हणून बाहेरची डिस्क आत लावू का असं मला दोनतीन ताईंनी विचारलं आहे. त्यांना माझा सल्ला असा की जागाच हवी असेल तर आधी न फोडता बघा. डिस्क यूएसबीला कायम लावून ठेवता येते. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट म्हणून सोय आहे, तिथं तिला एक अक्षर नेमून द्यायचं, म्हणजे टॅली किंवा तुमचा हिशेबाचा प्रोग्राम रोज तिला त्याच नावानं शोधतो. नाहीतर आज ई, उद्या एफ, आणि प्रोग्राम म्हणतो फाईल सापडत नाही. काम चालू असताना वायर ओढायची नाही, खाली कोपऱ्यात ‘सेफली रिमूव्ह’ असतं ते आधी दाबायचं. विंडोज मात्र अशा यूएसबीच्या डिस्कवर बसत नाही, बसवायला गेलं तर तोच नको म्हणतो. त्यासाठी आतच डिस्क किंवा एसएसडी लागते.

आणि फोडायचीच ठरली तर आधी बघा की तुमची डिस्क कुठली आहे. वेगळा अडॅप्टर लागणारी मोठी डिस्क असेल तर आत बहुतेक साधी साटा डिस्क निघते. खिशात मावणाऱ्या लहान डिस्कचा भरवसा नाही. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच लहान डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या पाटीवरच पक्कं बसवलेलं असतं, साटाची जागाच नसते. फोडली तरी आत लावता येत नाही, वर वॉरंटी गेलेली. लॅपटॉपवाल्यांनी जाडीही बघावी. चार टीबीच्या लहान डिस्क जाड असतात, 15 मिलिमीटरच्या, त्या लॅपटॉपच्या खाचेत शिरत नाहीत. काही मोठ्या डिस्क आत लावल्यावर फिरतच नाहीत, मेल्यासारख्या पडून राहतात. त्या मेलेल्या नसतात, विजेच्या जोडणीतल्या तिसऱ्या पिनेचा तो खेळ असतो. जाणकाराला सांगितलं की तो दुसरा जोड वापरून चालू करून देतो. दोन टीबीच्या वरची डिस्क खूप जुन्या कॉम्प्युटरला पुरी दिसत नाही, तेही विचारून घ्या.

फोडण्याचा एक चांगला उपयोग मात्र आहे. एका गटाची बाहेरची डिस्क बंद पडली म्हणून त्या टाकून देणार होत्या. वायर घालायचं तोंड ढिलं झालं होतं, पडदा काही दाखवत नव्हता. डबा उघडला तर पट्टी खराब, डिस्क ठणठणीत. थेट कॉम्प्युटरला लावली आणि तीन वर्षांचे बैठकीचे फोटो, ठराव, सगळं निघालं. तेव्हा बंद पडलेली डिस्क भंगारात द्यायच्या आधी एकदा दाखवा.

उलटंही करता येतं, आणि आपल्यासारख्यांना ते जास्त कामाचं. जुना लॅपटॉप बंद पडला, पण आतली डिस्क चांगली आहे, असं पुष्कळ घरांत असतं. तिच्यासाठी यूएसबीचा रिकामा डबा चारपाचशे रुपयांत मिळतो. आतली डिस्क त्यात घातली की बाहेरची झाली. गटाची दुसरी प्रत ठेवायला एवढं पुरतं. फक्त जुनी डिस्क कधीतरी जाणारच, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नका.

कुणी म्हणेल, आता सगळं ॲपवर भरतो, मग हे कशाला? नाबार्डनं 2015 मध्ये ई-शक्ती सुरू करून गटांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायला लावल्या, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपल्या राज्यातला धुळे जिल्हा होता. तेव्हापासून आकडे वर जातात हे खरं. पण आकडेच जातात. ठरावाची प्रत, सह्यांचे कागद, कर्जाचा अर्ज, मालाची बिलं, कुणाच्या हप्त्याला का मुदत दिली त्याची नोंद, हे आपल्याच कॉम्प्युटरवर असतं. भांडण आकड्यावरनं होतं आणि मिटतं त्या नोंदीवरनं.

तर मी मागते आहे ती डिस्क जागा कमी पडते म्हणून नव्हे. आतली आहे ती आतच राहू दे, ती आता कॉम्प्युटरची झाली. नवी कायम बाहेर राहील. शनिवारी दोन तास जोडायची, प्रत काढायची, काढून ठेवायची. ती फोडून आत लावायची वेळ आली तर कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय लावायची नाही, असंही आजच्या ठरावात लिहा, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्या ताईलाही बंधन राहील. तिला पासवर्ड असेल, तो अध्यक्षा आक्कांकडं आणि माझ्याकडं, चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवलेला नाही.

आणि मागच्या तीन अहवालांत मी ‘बॅकअप आहे’ असं जे लिहिलं ते चुकीचं होतं, तेही इतिवृत्तात घ्या.

एकच राहिलं. डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवायची नाही, ऑफिस बुडतं. माझ्या घरी ठेवा असं कालपासून दोघीतिघी म्हणताहेत, पण 2021 ला माझ्या उंबऱ्यावर कमरेएवढं पाणी होतं. 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळेला ज्यांच्या घरात पाणी आलं नाही अशा ताईंनी हात वर करा. त्यातनं एक घर आत्ता ठरवू.